खोगीरभरती फुकट नसते: घोडा आणि स्वार दोघांनाही सोसेल असं खोगीर कसं बनतं?

एखाद्या समितीत कामाची माणसं चार आणि नावं चौदा असली की मराठी माणूस म्हणतो, "बाकी सगळी खोगीरभरती." जागा भरण्यापुरता घातलेला बिनकामाचा ऐवज, असा या शब्दाचा अर्थ आपल्या अंगवळणी पडला आहे. मूळ अर्थ मात्र साधा आहे. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालायचं आसन आणि भरती म्हणजे त्याच्या गादीत कोंबलेली लोकर, कापूस किंवा चिंध्या. घोड्याच्या बाजूने पाहिलं, तर सगळ्या साजात त्याच्या पाठीला थेट भिडते ती ही गादी. ती चुकली की पाठ सोलवटते, घोडा बसून राहतो आणि त्याच्या मालकाचा रोजगारही थांबतो.

आपल्याकडे घोडा आहे कुठे?

पेडगाव म्हटलं की "वेड पांघरून पेडगावला जाणे" ही म्हण आठवते. म्हणीतलं पेडगाव भीमेच्या काठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं. परभणी तालुक्यातलं पेडगाव वेगळं, मनमाड-परभणी रेल्वेमार्गावरचं. हा मुलूख शेतीचा आणि बैलांचा. तरी घोडा इथून पूर्ण गेलेला नाही. तो लग्नाच्या वरातीत दिसतो, मेंढपाळांच्या वाड्यासोबत संसार वाहताना दिसतो आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत विक्रीला उभा असतो. मार्गशीर्षात भरणाऱ्या या यात्रेचा घोडेबाजार महाराष्ट्राबाहेरही माहीत आहे. मेंढपाळांच्या सोबत चालणाऱ्या काटक, बुटक्या भीमथडी घोड्याला तर आता कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता दिली आहे.

बैल पाळणाऱ्याला खोगिराचा प्रश्न समजायला वेळ लागत नाही. जू नीट बसलं नाही तर बैलाला खांदेसूज होते, हे त्याने पाहिलेलं असतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी करतात ती याच खांद्याची. बैलाचं ओझं खांद्यावर येतं, घोड्याचं पाठीवर, एवढाच फरक.

घोड्याची पाठ म्हणजे सपाट फळी नव्हे

वरून पाहिलं तर घोड्याची पाठ बसण्यासाठीच बनली आहे असं वाटतं. आतली रचना तशी नाही. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात आणि त्या पाठीच्या १८ मणक्यांना जोडलेल्या असतात. प्रत्येक मणक्यातून एक हाडाचा काटा वर निघतो. मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांच्या मध्ये हे काटे सर्वांत लांब असतात. तिथला उंचवटा त्यांच्यामुळेच बनतो. या उंचवट्यावर मांस जवळपास नसतं, कातडीखाली लगेच हाड लागतं.

कण्याच्या दोन्ही बाजूंना मात्र लांबच लांब स्नायूंचे पट्टे असतात. ओझं पेलायला योग्य जागा तीच. पण तिलाही पुढून आणि मागून मर्यादा आहे. पुढे खांद्याचं चपटं, रुंद हाड असतं आणि पाय पुढे टाकताना त्याचा वरचा भाग मागे सरकतो. खोगीर त्यावर चढलं तर प्रत्येक पावलाला हाड खोगिरावर आपटतं. मागे शेवटच्या बरगडीनंतर कंबर सुरू होते. तिच्याखाली बरगड्यांचा आधार नसल्याने तिथे वजन टाकू नये.

म्हणजे खोगिरासाठी हक्काची जागा ठरलेली आहे: खांद्याच्या हाडामागून शेवटच्या बरगडीपर्यंत, कणा सोडून दोन्ही बाजूंना. या जागेच्या बाहेर गेलेलं खोगीर कितीही महाग असलं तरी घोड्याला टोचणारच.

वजनापेक्षा दाब महत्त्वाचा

समजा स्वार ६० किलोचा आणि खोगीर १० किलोचं आहे. हे ७० किलो १,४०० चौरस सेंटिमीटरवर सारखे पसरले तर दर चौरस सेंटिमीटरला ५० ग्रॅम भार येतो. खोगीर नीट न बसल्याने फक्त ३५० चौरस सेंटिमीटर जागाच पाठीला टेकली, तर तोच भार २०० ग्रॅम होतो. घोडा दुडक्या चालीने निघाला की स्वार वरखाली होतो आणि प्रत्येक झोक्याला पाठीवरचा जोर वजनाच्या दुपटीच्या वर जातो. मग त्या थोड्या जागेवर दर चौरस सेंटिमीटरला ४०० ग्रॅमचा मार बसत राहतो.

दाबाच्या जोडीला वेळही मोजावा लागतो. दाबलेल्या जागी रक्त कमी पोहोचतं. थोड्या वेळात दाब उठला तर काही बिघडत नाही, तासन्‌तास राहिला तर कातडी आणि खालचं मांस मरू लागतं. म्हणून वरातीत संथ चालणारा घोडा सुखात असतो असं समजू नये. खोगीर आवळून चार तास एकाच जागी उभं राहणं त्याला जड जातं. सामानाचं ओझं तर माणसापेक्षाही वाईट, कारण माणूस घोड्याच्या चालीबरोबर हलतो, गाठोडं हलत नाही.

एकूण भार किती असावा? जाणकार साधारण अंदाज देतात तो घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाचा, तोही खोगीर धरून. २५० किलोच्या तट्टाला हे ५० किलो होतात. लहान चणीच्या घोड्यावर धडधाकट माणूस बसतो तेव्हा ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

सांगाडा: न दिसणारा भाग

चांगल्या खोगिराच्या आत लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा असतो. पुढची आणि मागची कमान आणि त्यांना जोडणाऱ्या, कण्याच्या दोन बाजूंना टेकणाऱ्या दोन पट्ट्या, अशी त्याची ढोबळ रचना. सांगाडा दोन कामं करतो. कण्याच्या वर मोकळी पन्हळ ठेवतो आणि स्वाराचं वजन लांब पट्ट्यांवर पसरतो. नुसती गादी किंवा घोंगडी टाकून बसलं तर सगळा भार स्वाराच्या बैठकीच्या दोन हाडांखाली एकवटतो. त्यावर रिकिबी लटकवल्या, तर त्यांचा पट्टा पाठीला करकचून दाबतो.

अमेरिकी सैन्याने १८५९ मध्ये स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिराच्या बैठकीत मधोमध उभी फट ठेवलेली होती. ब्रिटिश सैन्याच्या १९१२ च्या खोगिरात कमानी बिजागरीसारख्या हलत्या केल्या, कारण मोहिमेवर घोडा उपाशी राहून बारीक होतो आणि आधी बसणारं खोगीर नंतर बसत नाही. सैन्यांनी हा खटाटोप केला कारण पाठ सोलवटलेला घोडा त्यांना लढाईत मारल्या गेलेल्या घोड्याइतकाच निकामी होता.

सांगाडा घोड्याच्या मापाचा हवा. कमान अरुंद असेल तर ती उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना चिमट्यासारखी धरते. फार रुंद असेल तर खोगीर खाली बसून थेट हाडावर टेकतं. पट्ट्या पाठीच्या बाकापेक्षा सरळ असतील तर खोगीर पुलासारखं फक्त पुढे आणि मागे टेकतं. पट्ट्या जास्त वाकलेल्या असतील तर ते पाळण्यासारखं डुलतं.

माप घेणं घरी जमतं. हातभर लांब, मऊ पण आकार धरून ठेवणारी तार घ्यावी. ती खांद्याच्या हाडामागे, पाठीच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीपाशी आडवी दाबून आकार घ्यावा. तो पुठ्ठ्यावर उतरवून कापावा आणि खोगिराच्या खालच्या बाजूला लावून पाहावा. घोडा पावसाळ्यानंतर भरतो आणि उन्हाळ्यात उतरतो, म्हणून हे माप वर्षातून दोनदा घेतलेलं बरं.

आणि आता ती भरती

खोगीर हा शब्द फारसीतून आला. 'खुय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. घाम धरून ठेवणारी गादी हेच त्याचं पहिलं काम. घामाने भिजलेली कातडी मऊ पडते आणि घासल्यावर लवकर सोलते.

भरतीसाठी लोकर चांगली ठरते. ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि दाब उठला की पुन्हा फुगते. कापूस दबतो, गोळे धरतो आणि घामाने कडक होतो. चिंध्यांच्या गाठी पडतात. स्वस्त फोम नवा असताना मऊ लागतो, पण वजनाखाली पार चपटा होतो आणि उष्णता आत कोंडतो. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीला कपड्यांसाठी आता फारशी मागणी नाही, पण खोगिराखाली घालायला तिची घोंगडी उत्तम. फक्त ती नीट पसरावी. खाली राहिलेली एक चुणी तासाभरात चट्टा उठवते.

लोकरही कायम फुगलेली राहत नाही. रोजच्या वापरातलं खोगीर वर्षातून एकदा तरी उसवून, लोकर पिंजून पुन्हा भरावं लागतं. दोन्ही बाजूंची भरती सारखी हवी, नाहीतर खोगीर एका अंगाला कलतं.

इथे बहुतेकांची एक चूक होते. खोगीर टोचतंय असं दिसलं की खाली आणखी एक जाड गादी टाकली जाते. सांगाडा अरुंद असेल तर याने त्रास वाढतो. घट्ट बुटात पाय दुखतो म्हणून दोन जोड मोजे घालण्यासारखंच ते. भरती लहानसहान फरक भरून काढते. चुकीचा सांगाडा ती सुधारू शकत नाही.

स्वाराची सोय घोड्याच्या सोयीतच

स्वाराला नीट बसता आलं नाही तर तो धडपडतो आणि त्याचा प्रत्येक धक्का घोड्याच्या पाठीवर जातो. बाजूने पाहिलं असता स्वाराचा कान, खांदा, कंबर आणि टाच साधारण एका उभ्या रेषेत यायला हव्यात. त्यासाठी बैठकीचा सर्वांत खोल भाग खोगिराच्या मध्याजवळ हवा आणि रिकिबी त्याच्या फार पुढे नकोत. रिकिबी पुढे असतील तर माणूस खुर्चीत बसल्यासारखा मागे रेलतो आणि भार घोड्याच्या कमरेकडे सरकतो. बैठक फार रुंद असेल तर स्वाराच्या मांड्या ताणल्या जातात, फार अरुंद असेल तर बैठकीची हाडं दुखतात.

तंग, म्हणजे पोटाखालून बांधायचा पट्टा, रुंद आणि मऊ हवा. तो पुढच्या पायाच्या कोपरामागे चार बोटं सोडून बसावा आणि आवळल्यावर त्याखाली दोन बोटं जावीत. घसरणारं खोगीर जागेवर ठेवण्यासाठी तंग करकचून आवळणं म्हणजे सांगाड्याची चूक पोटावर काढणं.

पाच मिनिटांची तपासणी

१. घोडा सपाट जागी उभा करून, गादी न घालता नुसतं खोगीर ठेवावं. ते डुलता कामा नये.

२. स्वार बसल्यावर पुढच्या कमानीखाली उंचवट्याच्या वर दोन-तीन बोटं जावीत. मागून पाहिल्यास पन्हळीतून आरपार उजेड दिसावा.

३. खोगिराखाली हात घालून पुढून मागे न्यावा. कुठे पोकळी लागते, कुठे हात अडकतो ते कळतं.

४. फेरीनंतर खोगीर काढून घामाचा ठसा पाहावा. कण्यावरची पट्टी कोरडी आणि दोन्ही बाजू सारख्या ओल्या असाव्यात. ओल्या भागात मधेच कोरडा डाग असेल, तर तिथे दाब फार आहे किंवा खोगीर टेकतच नाही.

५. पाठीवरून बोटांनी सावकाश दाबत जावं. घोडा पाठ खाली घेतो, कान मागे टाकतो किंवा चावायला वळतो, तर तिथे दुखतंय. खोगीर आणताना रोज खोडी करणाऱ्या घोड्याच्या बाबतीत हेच कारण आधी तपासावं.

जखम झालीच तर

चट्टा किंवा सूज दिसली की खोगीर बंद. जखमेवर कापड टाकून काम चालू ठेवलं तर आठवड्याची दुखापत महिन्यांची होते. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, खोल जखम तिथे दाखवता येते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जखमी किंवा आजारी जनावराला कामाला जुंपणं हा गुन्हा आहे. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो ठेवली आहे. लहान तट्टाला तेवढंही जास्त होतं, हे वरच्या हिशेबातून दिसतंच.

नवं खोगीर बनवून घ्यायचं तर कारागीर शोधावा लागतो. 'जिनगर' या नावाचा अर्थच जीन बनवणारा असा आहे. घोडदळं गेली तसे जिनगर इतर कारागिरीकडे वळले. आज देशातलं मोठं खोगीर-केंद्र कानपूर आहे आणि तिथल्या साजाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण तयार खोगीर घेताना घोड्याचं माप सोबत हवं, आणि भरती उसवून बदलता येईल अशी शिलाई हवी. गादी उसवायची सोय असेल तर गावातला चांभारही ती पुन्हा भरून देऊ शकतो.

माळेगावच्या बाजारात घोडा पाहायला गेलात तर दात आणि चाल बघण्याआधी त्याच्या पाठीवरची झूल उचला. गडद रंगाच्या घोड्याला उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर तिथली केसांची मुळं कधीतरी दाबाने जळलेली आहेत. त्या घोड्याने आजवर कसलं खोगीर सोसलं, ते विकणारा सांगो न सांगो, त्या केसांवरून कळतं.