भिशीतली एक चिठ्ठी तिच्यासाठी

भोसरी-निगडीपासून चाकणपर्यंत भिशी ठाऊक नाही अशी बाई सापडणे अवघड. दहा-वीस जणी महिन्याला ठरावीक रक्कम काढतात, चिठ्ठी निघेल ती उचलते. हीच सवय स्तनाच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या मैत्रिणीच्या कामी कशी येईल, ते आज पाहू.

वर्गणी बहुधा ऑपरेशनच्या नावाने निघते. पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मान्यताप्राप्त रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर तोही आधार असतो. म्हणून आधी रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटावे.

मग वर्गणी कशाला? केमोथेरपी बहुतेकदा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने काही महिने चालते. पुढे किरणोपचार लागले, तर आठवड्याचे पाच दिवस जावे लागते. साधारण 15 फेऱ्या होतात. कंत्राटी कामगार बाईचा तेवढा रोज बुडतो, सोबतच्या माणसाचाही. रिक्षाभाडे, जेवण, खोलीचे भाडे मात्र चुकत नाही. औषध मिळत असूनही उपचार अर्धवट सुटतात ते अनेकदा इथेच. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना आसरा देते, ती हीच गरज ओळखून.

दुसरी गरज वेळेवर तपासणीची. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून अंगावर काढली जाते. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईतल्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांचा 20 वर्षे अभ्यास केला. निम्म्या जणींची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने तपासणी केली. 2021 मध्ये निष्कर्ष आले: तपासलेल्या गटात पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी होते. भिशीच्या बैठकीत वर्षातून एकदा अशी तपासणी ठेवता येईल.

रमजानमध्ये आम्ही जकात काढतो, गणपतीत मंडळे वर्गणी काढतात. देणारे हात इथे कमी नाहीत. भिशीत दरमहा एक जादा चिठ्ठी धरावी, तिचे पैसे दोघींच्या सहीच्या खात्यात ठेवावेत, हिशेब सर्वांना दाखवावा. फक्त एक पथ्य पाळावे. मदतीसाठी तिचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लावू नये. बरी होऊन तिला त्याच चौकातून कामावर जायचे असते.