विद्यार्थिदशेतील वृत्तपत्रलेखन : आगरकरांचा पूर्वकाळ

एकोणिसाव्या शतकातील भारतीय गद्याचा विचार करताना महाविद्यालय आणि वृत्तपत्र ही क्षेत्रे आपण बहुधा वेगवेगळी मांडतो. वस्तुतः ती परस्परांत गुंतलेली होती. दिल्ली कॉलेजाशी प्रथम विद्यार्थी व पुढे अध्यापक या नात्याने निगडित असलेल्या मास्टर रामचंद्र यांनी १८४५ मध्ये ‘फवाइद-उन-नाजरीन’ हे उर्दू नियतकालिक काढले आणि वर्गातील विज्ञान शहरातील वाचकांपुढे ठेवले. बंकिमचंद्रांचे आरंभीचे काव्यलेखन विद्यार्थी असतानाच ईश्वरचंद्र गुप्तांच्या ‘संवाद प्रभाकर’मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत याच जातीचे, परंतु निराळ्या वळणाचे उदाहरण गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) यांचे आहे.

आगरकर म्हटले की ‘सुधारक’ आठवतो. परिणामी १८८८ पूर्वीचे त्यांचे लेखन ही केवळ नांदी ठरते, आणि नांदी कोणी लक्षपूर्वक ऐकत नाही! प्रस्तुत लेखकाच्या मते त्या पूर्वकाळाचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा; कारण युक्तिवाद करणारे गद्य आणि वार्ता देणारे गद्य यांतील भेद तेथेच प्रथम जाचक रीतीने प्रकट होतो.

कऱ्हाडजवळील टेंभू या गावी जन्मलेले आगरकर शिक्षणासाठी अकोल्यास आले. वऱ्हाड प्रांत १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली असला तरी नावाने निजामाचाच होता. अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. महाजनींनी शेक्सपिअरच्या ‘सिंबेलाइन’चे ‘तारा’ हे मराठी रूपांतर केले. (त्यांच्या या विद्यार्थ्याने पुढे ‘हॅम्लेट’ मराठीत आणावे, हा योगायोग खास नाही.) अकोल्याच्या ‘वऱ्हाड समाचार’मध्ये आगरकर विद्यार्थिदशेतच लिहू लागले. त्यामागे वाङ्मयीन हौसेइतकीच परिस्थितीची निकड होती. पुण्यास डेक्कन कॉलेजात असतानाही शिष्यवृत्ती, निबंधस्पर्धेची पारितोषिके आणि वृत्तपत्रीय लेखन यांवरच त्यांचा निर्वाह अवलंबून होता. परीक्षेचा निबंध परीक्षकासाठी लिहिला जातो. वृत्तपत्रातील लेख मात्र मिल किंवा स्पेन्सर यांची नावेही न ऐकलेल्या वाचकाला पटवावा लागतो. आगरकरांच्या गद्यात पारिभाषिक अवडंबर जे इतके थोडे आढळते, त्याचे एक कारण मला या दुहेरी सरावात दिसते.

४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाला आणि नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. त्यानंतर लवकरच कोल्हापूरचे प्रकरण उद्भवले. छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याचा आरोप करून ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठविली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट ठरली, संपादकांना माफी मागावी लागली, आणि तरीही १७ जुलै १८८२ रोजी आगरकर व टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, छत्रपतींचा अहमदनगर येथे रक्षकाशी झालेल्या झटापटीत मृत्यू झाला. म्हणजे काळजी अस्थानी नव्हती; पुरावा मात्र खोटा होता. निबंधात प्रमेय बळकट असले की काम भागते. वार्तेत तसे भागत नाही. तेथे कागद कोणाच्या हातचा, हा प्रश्न प्रमेयाच्या आधी येतो. सव्विसाव्या वर्षी आगरकरांना हा भेद कळला तो न्यायालयात.

याच अनुभवातून ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे छोटे पुस्तक निघाले. राजकीय बंदिवासाची कहाणी म्हणून ते प्रसिद्ध असले, तरी अभ्यासकांनी त्याकडे वृत्तलेखन म्हणूनही पाहावे. येथे सिद्धांत मांडण्याची घाई नाही. कोठडी, अन्न, तुरुंगातील नित्यक्रम, टिळकांशी चालणारे आणि पहारेकऱ्याने दटावण्याइतके चढणारे वादविवाद, हे सर्व लेखकाने स्वतः पाहिलेले व ऐकलेले आहे. उसना पुरावा येथे नाही. स्वतःच्या हालांचे वर्णन करतानाही सूर मिस्किल राहतो, हे मला त्या पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ वाटते.

अडचण उरते ती साधनांची. त्या काळी अग्रलेखांवर लेखकाचे नाव नसे, आणि ‘केसरी’त आगरकर, टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर तिघेही लिहीत. आगरकरांनी स्वतः निवडून ग्रंथरूप दिलेले निबंध वगळता बाकीच्यांचे कर्तृत्व शैलीवरून ठरवावे लागते; आणि ती शैली ओळखण्याची आपली कसोटी बहुधा ‘सुधारक’मधूनच घेतलेली असते.