रायफल ‘तीच’ आहे का? – ओळख आणि मोल

मागच्या व्याख्यानात आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो: वस्तूचे भाग बदलत गेले, तर ती वस्तू ‘तीच’ राहते का? आज हा प्रश्न एका जुन्या लष्करी रायफलीला विचारून बघू. इथे उत्तर चुकलं तर नुसता वाद हरत नाही, पैसे जातात. कधी जीवावरही बेततं.

उदाहरण ली-एन्फील्डचं घेऊ. आपल्याकडे तिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात. ही रायफल इंग्लंडमध्ये झाली, ऑस्ट्रेलियात झाली आणि बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० मध्ये.

ओळख पटवायची कशी? रायफल रिकामी आहे ना, हे आधी जाणत्या माणसाकडून पाहून घ्यायचं. मग बोल्टच्या मुठीखाली, लाकडी दस्ता जिथे लोखंडाला मिळतो, तिथे उजव्या बाजूला बघायचं. मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखान्याचं नाव, साल आणि मॉडेल तिथे ठोकलेलं असतं. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आर.एफ.आय.’ ही अक्षरं दिसली, तर ती स्वातंत्र्यानंतरची इशापूरची.

पण ठसा वाचला म्हणजे काम संपलं असं नाही, बरं का. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने याच घडणीची ‘टू ए वन’ रायफल काढली. दिसायला जवळपास तशीच, पण ती ७.६२ मिलिमीटरची काडतुसं घेते. तिचं मॅगझिन जास्त चौकोनी असतं. काही जुन्या रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून पहारेकऱ्यांसाठी .४१० बोअरच्या बंदुका केल्या गेल्या. काहींवर ‘डी.पी.’ असा ठसा असतो, म्हणजे फक्त कवायतीसाठी. तिच्यातून गोळी झाडायची नाही.

आता मोलाकडे येऊ. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधले संग्राहक सगळ्यात आधी क्रमांक जुळवतात. मुख्य सांगाडा, बोल्ट, नळी, पुढची टोपी या सगळ्यांवर एकच क्रमांक असेल तर किंमत वाढते. बोल्टचा क्रमांक वेगळा निघाला की किंमत खाली येते, आणि तिथे सुरक्षिततेचाही प्रश्न असतो. बोल्ट त्या-त्या रायफलीला बसवून तपासलेला असतो. उसना बोल्ट नीट बसेलच असं नाही.

इथे आपल्याला मिलिंदप्रश्नातला रथ आठवतो. नागसेन मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे चाक का? आस का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. भागांपैकी कुठलाही एक म्हणजे रथ नव्हे. ‘रथ’ हे आपण दिलेलं नाव. रायफलीचंही तसंच. मात्र संग्राहक त्या नावापाशी थांबत नाही. हे भाग एकत्र कसे आले, याच्या इतिहासाला तो पैसे मोजतो. म्हणून कारखान्याने दुरुस्ती करताना दस्त्याच्या पुढच्या लाकडात आडवा घातलेला इशापूरचा स्क्रू हा दोष मानायचा नाही. तो तिच्या आयुष्याचा खरा भाग आहे. उलट हल्ली कुणी जुना क्रमांक घासून नवा ठोकला, किंवा लोखंड चकाचक पॉलिश केलं, तर ती रायफल खोटं बोलू लागते. झीज चालते, खोटेपणा चालत नाही.

आणि आपल्या घरात अशी रायफल निघाली तर? भारतात .३०३ ची बोल्ट-अॅक्शन रायफल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. खास परवान्याशिवाय ती ठेवता येत नाही, विकता तर नाहीच. तेव्हा भाव विचारत फिरायचं नाही. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून रीतसर जमा करायची. मात्र जमा करण्याआधी ती आजोबांकडे कशी आली, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवायचं. रायफल गेली तरी तिचा इतिहास आपल्याकडे राहतो, आणि मोल तर त्याचंच होतं.