मेरुरज्जूची इजा आणि मलविसर्जन : मोबाइलद्वारे आरोग्यशिक्षण

मेरुरज्जूला (मज्जारज्जूला) इजा झाल्यास मेंदू, आतडे व गुदद्वार यांच्यातील चेतासंदेशांत खंड पडतो. परिणामी शौचाची जाणीव व तिच्यावरील ताबा कमी होतो किंवा नाहीसा होतो. अशा वेळी ठरावीक क्रमाने आतडे रिकामे करण्याची पद्धत रुग्णास व कुटुंबीयांस शिकवली जाते. या शिक्षणासाठी चित्रफिती, ध्वनिसंदेश, स्मरणसूचना व व्हिडिओ कॉल यांचाही उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १.५ कोटींहून अधिक लोक मेरुरज्जूच्या इजेसह जगत आहेत.

प्रकार

मलविसर्जनाचे नियंत्रण मुख्यत्वे मेरुरज्जूच्या तळाशी असलेल्या दुसऱ्या ते चौथ्या त्रिक खंडांकडे असते. इजा या खंडांच्या वर असल्यास प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत राहते. मात्र गुदद्वाराचा स्नायू आवळलेला राहून मल साचतो. इजा याच खंडांना किंवा तेथून निघणाऱ्या चेतांना झाल्यास ही क्रिया लोपते, स्नायू सैल पडतो व मल नकळत बाहेर येतो. त्यामुळे एका रुग्णाचा क्रम दुसऱ्यास जसाच्या तसा लागू पडत नाही.

दैनंदिन क्रम

जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून रोज किंवा एक दिवसाआड, जेवणानंतर सुमारे अर्ध्या तासाने, शक्यतो ठरलेल्या वेळी हा क्रम करतात. पहिल्या प्रकारात सपोझिटरी (गुदद्वारात ठेवण्याचे औषध) किंवा हातमोजा घालून, वंगण लावलेल्या बोटाने दिलेले हळुवार उत्तेजन उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकारात मल बहुधा बोटाने काढावा लागतो. तेथे मल किंचित घट्ट असणे सोयीचे असते. आहारातील चोथा, पाणी व औषधे यांचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरते.

मोबाइलचा उपयोग व मर्यादा

रुग्णालयातील शिकवणी अपघाताच्या धक्क्यातून सावरण्याआधीच संपते. घरी आल्यावर शौचालय, आहार व मदतीचे हात बदलतात आणि संकोचामुळे शंका मनातच राहतात. मोबाइलवरील माहिती एकांतात, आपल्या भाषेत, हवी तितक्या वेळा पाहता येते. वेळ, मलाचे स्वरूप व गळती यांची नोंद ठेवल्यास क्रमात बदल सुचवणे परिचारिकेस सोपे जाते. भारत सरकारने मार्च २०२० मध्ये जाहीर केलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांत दृक्‌श्राव्य, ध्वनी व लेखी अशा तिन्ही माध्यमांतून सल्ल्यास मान्यता आहे. तथापि बोटाने करावयाची क्रिया प्रथम प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच शिकावी लागते. हातांची शक्ती गेलेल्या रुग्णास मोबाइल हाताळण्यासाठीही दुसऱ्याची मदत लागू शकते. तेव्हा त्याचा खासगीपणा जपणे आवश्यक ठरते.

धोक्याची लक्षणे

सहाव्या वक्षीय खंडात किंवा त्याच्या वर इजा असल्यास साचलेला मल किंवा बोटाचा स्पर्श यांमुळे रक्तदाब एकाएकी वाढू शकतो. तीव्र डोकेदुखी व इजेच्या वरील भागास घाम येणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी क्रिया थांबवून रुग्णास ताठ बसवावे, कपडे सैल करावेत व लक्षणे न ओसरल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. हा प्रसंग जीवघेणा ठरू शकतो. म्हणून ही सूचना घरातील प्रत्येक मदतनिसास आधीच ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.