रक्तात दिसतं तेच फुप्फुसात असतं का?

क्षयरोग फुप्फुसाचा, पण आपण बहुतेक वेळा नमुना घेतो रक्ताचा. कारण सोपं आहे, रक्त पाच मिनिटांत मिळतं. फुप्फुसातल्या पेशी हव्या असतील तर ब्राँकोस्कोपी करून थोडं सलाईन आत सोडायचं आणि परत ओढून घ्यायचं. या द्रवाला बीएएल म्हणतात. रुग्णाला त्रास होतो, म्हणून तो सहज मिळत नाही.

मग रक्तावरून फुप्फुसाचा अंदाज बांधला तर चालेल का? थोडाफार चालेल, पण जपून.

निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल सर्वांत जास्त असतात. बीएएलमध्ये साधारण ८० टक्क्यांहून जास्त मॅक्रोफेज असतात आणि न्यूट्रोफिल अगदी थोडे. म्हणजे आजार नसतानाही दोन्हीकडची वस्ती वेगळीच. क्षयाचा जंतू आधी या मॅक्रोफेजमध्ये शिरतो. मग रक्तातून मोनोसाइट, न्यूट्रोफिल, टी पेशी तिकडे जातात. जंतूला ओळखणाऱ्या सीडी४ टी पेशी आजाराच्या जागी गोळा होतात. त्यामुळे रक्तात त्या कमी दिसल्या की ‘प्रतिकारशक्ती कमी’ असं लगेच लिहू नका. काही स्मृती टी पेशी तर फुप्फुसातच मुक्काम ठोकतात, रक्तात फारशा येतच नाहीत.

हा प्रश्न फक्त पुस्तकी नाही. एमव्हीए८५ए या लसीची दक्षिण आफ्रिकेत २,७९७ बाळांवर चाचणी झाली, निकाल २०१३ मध्ये आला. रक्तातल्या टी पेशींनी प्रतिसाद दिला होता, पण क्षयापासून म्हणावं तसं संरक्षण मिळालं नाही.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी माझ्या आलेखात फुप्फुसात न्यूट्रोफिल भरपूर आणि रक्तात जवळपास शून्य! मी खूश. मॅडमनी एवढंच विचारलं, “अगं, रक्तातले न्यूट्रोफिल गेले कुठे?” मी रक्त फायकॉलवर फिरवून पीबीएमसी वेगळ्या केल्या होत्या. त्यात न्यूट्रोफिल तांबड्या पेशींबरोबर तळाला जातात. बीएएल मात्र तसंच वापरलं होतं. तो फरक आजाराचा नव्हता, माझ्या पद्धतीचा होता.

म्हणून प्रस्ताव लिहिताना तीन गोष्टी तपासा. दोन्ही नमुने एकाच रुग्णाचे, शक्यतो एकाच दिवशीचे आहेत का? दोन्हींवर प्रक्रिया सारखीच केली का? आणि सलाईनमुळे बीएएल पातळ होतं, तेव्हा नुसत्या संख्येऐवजी टक्केवारी दिली का? यंत्रावर नमुना चढवण्याआधी हे झालं, तर पुढचे सहा महिने वाचतील.