शेवटच्या रांगेला दिसणारा मोजा

मायकल जॅक्सन काळ्या पँटखाली पांढरे, चमकणारे मोजे का घालायचा, हे माझ्यासारख्या लाइटवाल्याला विचारलंत तर उत्तर सोपं आहे. मैदानातल्या शेवटच्या माणसाला त्याचे पाय दिसावेत म्हणून. पँट काळी, बूट काळे, स्टेजची जमीनही काळी. अशा वेळी पाय हलले काय आणि जागच्या जागी राहिले काय, तीनशे फुटांवरून सगळं सारखंच. म्हणून पँट घोट्याच्या वर आखूड आणि मधे पांढऱ्या मोज्याची पट्टी. बोटांच्या टोकांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, तीही त्याच कारणासाठी. हात फिरला की उजेड बोटांवर आधी पडतो. खड्यांचा हातमोजा एकाच हातात. दोन्ही हातांत घातला असता तर नजर दोन ठिकाणी फुटली असती. त्या काळी लोक याला नखरे म्हणायचे. मला त्यात धंद्याचा पक्का हिशेब दिसतो.

माझी उमेदीची वर्षं मराठी नाटकांना लाइट देण्यात गेली. शिवाजी मंदिर काय, गडकरी काय, हजारेक खुर्च्यांचा मामला. तिथेही बाल्कनीच्या मागच्या रांगेतल्याला नटाच्या डोळ्यातलं पाणी दिसत नाही. ते त्याला नटाच्या खांद्यांवरून, मानेवरून कळतं. आता खुर्च्या हजाराच्या जागी पन्नास हजार करा. स्टेजवरचा माणूस काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा उरतो. एवढाल्या गर्दीला दोन तास धरून ठेवायचं तर गाणं कितीही चांगलं असलं तरी पुरत नाही, तिथे नाटकच उभं करावं लागतं. स्टेडियममधल्या पॉप कॉन्सर्टचं सगळं गणित इथून सुरू होतं.

जॅक्सनची ‘हिस्टरी’ टूर हा त्या गणिताचा मला सर्वांत जवळून माहीत असलेला नमुना. ७ सप्टेंबर १९९६ला प्रागच्या लेत्ना बागेत पहिला शो झाला आणि १५ ऑक्टोबर १९९७ला दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये शेवटचा. मधल्या काळात पस्तीस देशांत मिळून ब्याऐंशी शो. प्रागमध्ये तर ज्या चौथऱ्यावर कधीकाळी स्टालिनचा अवाढव्य पुतळा होता, तिथेच जाहिरातीसाठी जॅक्सनचा पुतळा उभा केला होता. आगाऊपणाच तो, पण नेपथ्य म्हणून जागा अचूक निवडलेली.

या टूरचा एक शो १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात झाला. त्याचं राजकारण आपल्याकडे गाण्यांपेक्षा जास्त गाजलं. शिवसेनेशी संलग्न शिवउद्योग सेनेसाठी हा कार्यक्रम होता, बेरोजगार तरुणांचं नाव त्याला जोडलेलं होतं आणि राज ठाकरे त्यात पुढे होते. विमानतळावर नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रेने त्याला ओवाळलं. तो ‘मातोश्री’वर जाऊन आला. युती सरकारने करमणूक कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायत त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली आणि मग आपल्याकडे होतं तेच झालं. २०११मध्ये न्यायालयाने करमाफीचा निर्णय रद्द करून सरकारला फेरविचार करायला सांगितलं; २०२१च्या जानेवारीत राज्याच्या मंत्रिमंडळाने सव्वातीन कोटींहून थोडा जास्तच असलेला हा कर पुन्हा माफ केला. दोन-अडीच तासांच्या प्रयोगाचा हिशेब मिटायला चोवीस वर्षं लागली. एवढा लांबलेला दुसरा अंक मी कुठल्याच नाटकात पाहिला नाही.

मी त्या रात्री अंधेरीत होतो. एका जनरेटरवाल्या दोस्ताच्या ओळखीने पास मिळाला होता. आजूबाजूची पोरं किंचाळत होती आणि मी मान वर करून ट्रसवर टांगलेले दिवे बघत होतो. बाजूचा मुलगा शेवटी न राहवून म्हणाला, “काका, मायकल खाली आहे!”

आता त्याची एन्ट्री बघा. आधी पडद्यावर एक फिल्म, जगाच्या इतिहासातून सुसाट निघालेलं यान. मग स्फोट, धूर, आणि स्टेजमधून तेच यान वर आलेलं. दार उघडतं, आत अंतराळवीराच्या वेशातला माणूस. लगेच गाणं सुरू? छे. तो उभाच राहतो. हा धडा त्याने आधीच्या ‘डेंजरस’ टूरमध्ये गिरवला होता. तिथे तो स्टेजच्या पोटातून उसळून वर यायचा, पायांवर पडायचा आणि मग पुतळ्यासारखा गप्प उभा राहायचा. १९९२च्या बुखारेस्टच्या शोचं चित्रण पाहा. दीड-दोन मिनिटं माणूस बोट हलवत नाही आणि समोर लोक रडतायत, बेशुद्ध पडतायत. मग फक्त मान वळते आणि पुन्हा आरोळी. लाखो डॉलर खर्चून आणलेल्या सामानात सर्वांत परिणामकारक गोष्ट फुकटची होती. आमच्याकडे नवा नट एन्ट्री घेतल्या घेतल्या वाक्य टाकून मोकळा होतो, टाळीला जागाच देत नाही. जुनी माणसं आधी येऊन उभी राहायची. टाळी पडू द्यायची, ओसरू द्यायची, मग तोंड उघडायचं.

ती उसळी मारायची युक्ती तर फारच जुनी. स्टेजखाली फळी असते, तिच्यावर नट उकिडवा बसतो आणि झटका देऊन फळी वर फेकली जाते. टूरवाले तिला ‘टोस्टर’ म्हणतात, कारण पाव उडावा तसा माणूस वर येतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या पँटोमाइममध्ये हेच काम वजनं आणि दोऱ्या करायच्या. मुंबईच्या पारशी नाटक कंपन्यांनीही जमिनीतून प्रकट होणारे देव आणि हवेत उडणाऱ्या पऱ्या दाखवून तिकिटं खपवलीच की. ‘डेंजरस’च्या शेवटी जॅक्सन पाठीला रॉकेट बांधून स्टेडियमबाहेर उडून जायचा. उडायचा अर्थात किनी गिब्सन नावाचा स्टंटमन. शिरस्त्राण चढलं, चार तंत्रज्ञ भोवती जमले, धूर आला आणि माणूस बदलला. तसल्या रॉकेट-पट्ट्यातलं इंधन वीस-तीस सेकंदच पुरतं, म्हणजे गिब्सनच्या हातातही तेवढाच वेळ.

मला मात्र खरी मौज वाटते ती ‘स्मूथ क्रिमिनल’ या गाण्यातल्या झुकण्याची. सगळे नाचणारे टाचा जमिनीला टेकवून, शरीर काठीसारखं ताठ ठेवून पुढे कलतात, जवळजवळ पंचेचाळीस अंशांत, आणि पडत नाहीत. या गाण्याच्या १९८८च्या फिल्ममध्ये हे तारा बांधून केलं होतं. पण चालू शोमध्ये तारा लावायच्या कधी आणि सोडायच्या कधी? त्यावर उपाय निघाला तो बुटात. बुटाच्या टाचेत खालच्या बाजूने खाच ठेवली, पुढे रुंद आणि मागे निमुळती. ऐन वेळी स्टेजमधून खुंटी वर येते, तिला वर टोपी असते. नाचता नाचता पाय पुढे सरकवायचा, खुंटीची टोपी खाचेत अडकवायची, झुकायचं, परत यायचं, पाय मागे घेऊन मोकळं व्हायचं, आणि खुंटी जमिनीत गडप. मायकल जॅक्सन आणि त्याचे दोन पोशाखकार, मायकल बुश आणि डेनिस टॉम्पकिन्स, या तिघांच्या नावावर १९९३मध्ये या बुटाचं अमेरिकन पेटंट नोंदवलं गेलं. कपडेपटातल्या माणसांचं नाव पेटंटवर! आमच्या कपडेपटवाल्याचं नाव जाहिरातीतही नसायचं.

पण बूट घातला म्हणून कोणीही झुकेल असं नाही. चंदीगडच्या पीजीआयमधल्या मेंदूशल्यचिकित्सकांनी २०१८मध्ये यावर एक शोधलेख लिहिला. साधा माणूस वीसेक अंश झुकतो, सरावलेला नर्तक पंचवीस-तीस. त्यापुढे पाठीचे स्नायू हात टेकतात आणि सगळा भार पोटरीच्या खालच्या जाड शिरेवर येतो. खुंटी पाय धरून ठेवते. धड ताठ ठेवायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

यंत्रांचं इतकं कौतुक केलं, तरी त्या रात्री माझी नजर ट्रसवरून खाली आली ती एका साध्या पेटीमुळे. ‘बिली जीन’च्या आधी स्टेज जवळजवळ रिकामं. तो छोटी सुटकेस घेऊन चालत येतो, घाई नाही. सुटकेस स्टुलावर ठेवून उघडतो. आतून चमकीचा शर्ट निघतो, मग काळं जाकीट, मग हातमोजा. एकेक वस्तू तो अंगावर चढवतो आणि दरवेळी मैदानाला आधीच कळलेलं असतं की आता पुढे काय निघणार. शेवटी हॅट. हे सोंग त्याने १९८३मध्ये मोटाउन कंपनीच्या पंचविशीच्या कार्यक्रमात पहिल्यांदा वठवलं होतं, मूनवॉकही तिथलाच. तेरा वर्षांनी तो ते लोकांच्या डोळ्यांसमोर पुन्हा अंगावर चढवत होता. लाइट किती? एक फॉलो स्पॉट, बस्स. लांबून, उंचावरून एक माणूस हाताने तो दिवा त्याच्यावर रोखून धरतो. चमकीची प्रत्येक टिकली त्या उजेडाचा कवडसा फेकते. या दृश्यात सगळ्यात मोठी जोखीम त्या स्पॉटवाल्याची, कारण बाकी अंधार आहे. नट दोन पावलं सटकला आणि दिवा मागे राहिला, तर चोरी पन्नास हजार जणांसमोर पकडली जाते.

आवाजाची अडचण वेगळीच. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवरच्या प्रेक्षकाला ताल सुमारे एक तृतीयांश सेकंद उशिरा मिळतो. पडद्यावर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. म्हणून मैदानाच्या मधे खांब उभारून स्पीकर लावतात आणि त्यांना मिळणारा आवाज मुद्दाम तेवढा उशिराने सोडतात, म्हणजे स्टेजवरून येणारी लाट आणि तो आवाज एकाच वेळी कानावर पडतात. हे नीट जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि तो खरंच गात होता का? ‘हिस्टरी’मध्ये बऱ्याच गाण्यांना आवाज आधी रेकॉर्ड केलेला होता. यावरून पाश्चात्त्य टीकाकारांनी त्याला बरंच झोडपलं. मला त्याचं विशेष वाईट वाटत नाही. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं ‘जाणता राजा’ आपण १९८५पासून पाहत आलो. हत्ती-घोडे, शेकडो कलाकार, उघडं मैदान, आणि संवाद सगळे ध्वनिमुद्रित. तिथे कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. मैदानाचे कायदे सभागृहाचे नसतात. हां, पण गायकाच्या नावावर तिकीट विकायचं तर निदान दोन-चार गाणी तरी जिवंत हवीत, हेही खरं.

मला न पटलेली गोष्ट दुसरी आहे. ‘अर्थ साँग’च्या शेवटी स्टेजवर रणगाडा यायचा. सैनिक उतरून बंदूक रोखायचा, जॅक्सन ती हळूच खाली करायचा, लहान मूल फूल द्यायचं, सैनिक रडायचा. आसपास लोक डोळे पुसत होते. मी मात्र हिशेब करत होतो, की हे धूड मालवाहू विमानातून देशोदेशी वाहून न्यायचं ते या दोन मिनिटांच्या रडारडीसाठी? सुटकेसने जे केलं ते रणगाड्याला जमलं नाही.

पुढे सामान बदललं. २०२३-२४च्या ‘एराज’ टूरमध्ये टेलर स्विफ्ट एकशे एकोणपन्नास शो खेळली. तिथे स्टेजची जमीनच पडदा होती. ती त्या जमिनीतल्या खाचेत सूर मारायची आणि पाण्याखालून पोहत गेल्याचं चित्र जमिनीवर पुढे सरकायचं. सूर मारणारी खरी, पोहणारी चित्रातली, आणि दोन्हीमधला सांधा कळत नाही. रॉकेटवाल्याच्या अदलाबदलीचंच हे नवं रूप. २०२५च्या जानेवारीत नवी मुंबईत कोल्डप्लेच्या प्रेक्षकांच्या मनगटांवर दिव्यांचे पट्टे होते. कधी कुठला रंग पेटायचा हे ठरत होतं कंट्रोलवरून. प्रेक्षकालाच दिवा करून टाकला. आम्हाला हे सुचायला हवं होतं, पण आमच्याकडे डिमरच वेळेवर पेटायचे नाहीत.

या सगळ्यात एखादीच गोष्ट बघायची असेल तर ‘धिस इज इट’ बघा. २००९मध्ये लंडनच्या ओटू अरीनात त्याचे पन्नास शो होणार होते, तालमी चालू असतानाच जूनमध्ये तो गेला. दिग्दर्शक केनी ऑर्टेगाने तालमींच्या चित्रणातून ही फिल्म केली. तीत एक जागा आहे. जॅक्सन प्रेक्षकांकडे तोंड करून उभा, मागे पडद्यावरचं चित्र बदलणार आणि त्यावर त्याने हलायचं. ऑर्टेगा विचारतो, पडदा तर तुझ्या पाठीमागे, बदललेला तुला दिसणार कसा? तो म्हणतो, मला ते जाणवेल. घरी ही फिल्म लागली की मी इथे हमखास मोठ्याने हसतो. नटाला जाणवतं हे ठीक, पण लाइटवाल्याला नटाच्या मनातलं जाणवत नाही ना. आमच्याकडे असं म्हणणाऱ्या नटाला मी तालमीतच सांगून ठेवायचो, “तुम्हाला काय जाणवायचं ते जाणवू द्या, फक्त त्याआधी डावा खांदा जरा उचला. बाकीचं मी बघतो.”