बावीस बेडकांची गणती

पहिला वळीव पडून मैदानांतल्या खळग्यांत पाणी सांचलें, म्हणजे शहरांतल्या मुलांनाहि बेडूक दिसूं लागतात. मुलें त्यांच्यामागें धांवतात, खडे मारतात, क्वचित् एखादा डबींत घालून घरीं आणतात. आणि घरांतील वडील मंडळी तो तत्काळ बाहेर टाकावयास सांगतात. बेडूक पाहण्यांत कांहीं विद्या आहे, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत शाळेच्या मुलांनीं एके दिवशीं बेडूक पाहिले, मोजले आणि त्यांची नोंद केली. त्या नोंदीनें तेथील सरकारला आणि प्रयोगशाळांना अनेक वर्षें कामास लावलें. विद्यार्थ्यांच्या शास्त्रीय शोधनाचें मोल कशांत असतें आणि त्याची मर्यादा कोणती, हें समजण्यास ही हकीकत उपयोगी आहे.

१९९५ सालचा ऑगस्ट महिना होता. हेंडरसन नांवाच्या लहानशा गांवाजवळ, शेतांतल्या एका तळ्याकाठीं, मिनेसोटा न्यू कंट्री स्कूल या शाळेचीं मुलें आपल्या शिक्षिकेबरोबर निसर्गनिरीक्षणासाठीं गेलीं होतीं. गवतांतून बेडूक उड्या मारीत होते. मुलें ते पकडूं लागलीं. एकाचा मागचा पाय वांकडा दिसला. आपल्याच धसमुसळेपणानें तो मोडला असावा, असें मुलांना प्रथम वाटलें. परंतु दुसऱ्या बेडकाचा पायहि तसाच निघाला. आणखी कांहीं बेडकांतहि व्यंगें दिसलीं. तेव्हां खेळ थांबला आणि मोजदाद सुरू झाली. त्या दिवशीं एकंदर २२ बेडूक हातीं आले. त्यांपैकीं ११ सव्यंग होते.

या गणतींत मुलांनीं एक गोष्ट अगदीं बरोबर केली, आणि तीच सर्वांत महत्त्वाची होती. त्यांनीं केवळ व्यंग असलेलेच बेडूक मोजले नाहींत. अव्यंग बेडूकहि मोजले. पाय कमी किंवा अधिक असलेले बेडूक पूर्वीं कोणी पाहिलेच नव्हते, असें नाहीं. अशा नोंदी दोनशेंहून अधिक वर्षें जुन्या आहेत. निसर्गांत थोडींबहुत व्यंगें असावयाचींच. बेडकांत हें प्रमाण सामान्यतः शेंकडा ५ च्या आंत असतें. या हिशेबानें २२ बेडकांत एखादाच सव्यंग निघावयास हवा होता, निघाले ११. ‘पुष्कळ बेडूक लंगडे होते,’ एवढेंच मुलांनीं सांगितलें असतें, तर लोकांनीं तें गंमत म्हणून ऐकलें असतें आणि विसरून गेले असते. ‘बावीसांत अकरा’ हें मात्र विसरतां येण्यासारखें नव्हतें. एकटा आंकडा नुसती बातमी देतो. त्याच्या शेजारीं दुसरा आंकडा ठेवला, म्हणजे प्रश्न उभा राहतो.

ही वार्ता राज्याच्या प्रदूषण-नियंत्रण खात्याकडे गेली. पुढच्या वर्षीं राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून तशाच बातम्या येऊं लागल्या आणि विधिमंडळानें तपासासाठीं पैसा मंजूर केला. लोकांच्या मनांत धास्ती उत्पन्न झाली. ती अकारण नव्हती. बेडकाचें कातडें पातळ व ओलसर असतें. पाणी आणि त्यांत विरघळलेले पदार्थ त्यांतून सहज शरीरांत शिरतात. त्याच्या अंड्यांना कठीण कवच नसतें. तेव्हां पाण्यांत एखादें विष असेल, तर त्याची बाधा बेडकाला आधीं व्हावी, हें ओघानेंच आलें. ज्या परिसरांतलें तें तळें, त्याच परिसरांतल्या विहिरींचें पाणी माणसें पीत होतीं. आज बेडकाचा पाय गेला, उद्यां आपल्या मुलांचें काय, ही चिंता आईबापांना वाटूं लागली.

कारणाविषयीं तीन तर्क मुख्यतः पुढें आले. पहिला असा कीं, शेतांवर किंवा डासांसाठीं फवारलेलीं कीटकनाशकें पाण्यांत उतरून पिल्लांच्या वाढींत बिघाड करीत असावींत. दुसरा तर्क ओझोनचा थर विरळ झाल्यानें अधिक येणाऱ्या अतिनील किरणांवर ठपका ठेवणारा होता. तिसरा तर्क एका परोपजीवी कृमीचा होता; पण विषाच्या भीतीपुढें तो पुष्कळांना फिका वाटला.

१९९७ सालीं या भीतीला जणूं पुरावाच मिळाला. सव्यंग बेडकांच्या तळ्यांतील व जवळच्या विहिरींतील पाण्याच्या नमुन्यांत एका आफ्रिकी बेडकाचीं अंडीं वाढविलीं, तेव्हां त्यांतील गर्भांत व्यंगें आढळलीं. राज्याच्या खात्यानें हें जाहीर केलें आणि कांहीं कुटुंबांना पिण्यासाठीं बाटलींतलें पाणी देऊं केलें. परंतु डुलुथ येथील केंद्रीय प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं हरकत घेतली. त्या पाण्यांत कांहीं क्षार फार थोडे होते आणि त्या आफ्रिकी गर्भांना ते अधिक लागतात. ते क्षार पाण्यांत मिसळले कीं व्यंगें कमी होतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. म्हणजे जें विषाचें लक्षण मानलें गेलें, तें बव्हंशीं परीक्षेच्या पद्धतीचेंच फळ होतें. मुलांच्या गणतीला बाध आला नाहीं. प्रौढांनीं घाईनें बसविलेला कार्यकारणभाव मात्र ढांसळला.

आतां तिसऱ्या तर्काकडे वळूं. १९९० मध्येंच स्टॅन्ली सेशन्स आणि स्टीफन रूथ या शास्त्रज्ञांनीं कॅलिफोर्नियांतील अधिक पायांच्या बेडकांत कृमींच्या गुठळ्या पाहिल्या होत्या. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाला भैकेर म्हणतात. भैकेराच्या शरीरावर मागचा पाय फुटण्याच्या जागीं प्रथम एक लहानसा कोंब येतो. त्या कोंबांत बारीक मणी रुतवले, तरीहि पाय अधिक फुटूं शकतात, असें त्यांनीं प्रयोगानें दाखविलें. अर्थात् विष नसतांहि, वाढत्या कोंबांतील पेशी नुसत्या आपल्या जागेवरून हलल्या तरी व्यंग उत्पन्न होतें.

यापुढचें पाऊलहि एका विद्यार्थ्यानेंच टाकलें. पीटर जॉन्सन हा स्टॅनफर्ड विद्यापीठांत पदवीचा अभ्यास करीत असतां त्यानें कॅलिफोर्नियांतील तळीं धुंडाळण्यास आरंभ केला. जेथें सव्यंग बेडूक, तेथें एका विशिष्ट जातीची पाणगोगलगायहि असते, हें त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या ध्यानांत आलें. त्या गोगलगाईंतून रिबेरोइया नांवाचा एक पर्णकृमि बाहेर पडतो. त्यांनीं निकोप भैकेर घेतले. कांहींना या कृमीचा थोडा, कांहींना अधिक संसर्ग करविला, आणि कांहींना मुळींच करविला नाहीं. संसर्ग जसजसा वाढला, तसतशीं व्यंगें वाढलीं व अधिक भैकेर मेले. वांचलेल्यांत शेंकडा ८५ किंवा त्याहून अधिक बेडकांत गंभीर व्यंगें निघालीं, आणि तीं तळ्यांत आढळलेल्या व्यंगांशीं जुळत होतीं. हे निष्कर्ष १९९९ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

या कृमीचें जीवनचक्र विस्मयकारक आहे. त्याचीं पिल्लें गोगलगाईच्या शरीरांत वाढतात, तेथून पाण्यांत सुटतात आणि पोहत जाऊन भैकेराच्या पायाच्या कोंबाजवळ शिरतात. कोंबाची रचना विसकटते. एकाऐवजीं दोन-तीन पाय फुटतात किंवा पाय वांकडा वाढतो. असा बेडूक नीट उडी मारूं शकत नाहीं व बगळ्यासारख्या पक्ष्याच्या तावडींत सहज सांपडतो. पक्ष्याच्या शरीरांत कृमि पूर्ण वाढतो, त्याचीं अंडीं विष्ठेबरोबर पाण्यांत पडतात, आणि त्यांतून निघालेलें पिल्लूं पुन्हां गोगलगाय शोधतें. बेडकाचें व्यंग हें त्या कृमीच्या प्रवासाचें जणूं वाहन आहे.

मग मनुष्य निर्दोष ठरला काय? तसेंहि नाहीं. शेतांतलीं खतें आणि गुरांचें शेण वाहून तळ्यांत आलें, कीं शेवाळें माजतें. शेवाळ्यावर गोगलगाई पोसतात. गोगलगाई वाढल्या, कीं कृमि वाढतो. ही साखळी २००७ मध्यें प्रत्यक्ष प्रयोगानें सिद्ध झाली. त्यापूर्वीं २००२ मध्यें जोसेफ कीसेकर यानें असें दाखविलें होतें कीं, कांहीं कीटकनाशकांच्या संपर्कानें भैकेरांची रोगप्रतिकारशक्ति कमी होते आणि कृमि त्यांच्यांत अधिक शिरतात. शिवाय सर्वच व्यंगें कृमीचीं नसतात. कित्येक तळ्यांत पाय अधिक असण्यापेक्षां पाय तुटका असणें हेंच अधिक आढळतें. चतुर नांवाच्या कीटकाच्या पाण्यांत राहणाऱ्या अळ्या भैकेरांचे कोवळे पाय कुरतडतात व भैकेर तसेच जगतात, हें २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. तेव्हां ‘एक व्यंग, एक कारण’ असा सरळ हिशेब येथें नाहीं. तळें बदललें कीं कारणहि बदलूं शकतें.

या हकीकतींतून विद्यार्थ्यांच्या शोधनाविषयीं दोन गोष्टी निष्पन्न होतात. मुलांजवळ प्रयोगशाळा नसते. परंतु डोळे असतात, सवड असते, आणि ‘हें असेंच असावयाचें’ असें म्हणण्याची संवय अद्याप जडलेली नसते. म्हणून जें मोठ्यांच्या नजरेंतून सुटतें, तें त्यांना दिसतें. ही त्यांची शक्ति होय. दिसलेल्या गोष्टीचें कारण एका दिवसांत हातीं येत नाहीं, ही त्यांची मर्यादा. पण ती मोठ्यांचीहि आहे, आणि मोठेच ती अधिक वेळां विसरतात. मिनेसोटाच्या मुलांनीं जें पाहिलें तें मोजून सांगितलें. म्हणूनच पुढें कारणें बदलत गेलीं तरी त्यांची नोंद खोटी ठरली नाहीं.

भारतांतहि १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या निमित्तानें १० ते १७ वर्षांचीं मुलें आपल्या परिसरांतील पाणी, आरोग्य, कचरा, शेती अशा विषयांची पाहणी करीत आलीं आहेत. पण अशा कामाची तालीम परिषदेंत नव्हे, घरांतच मिळावयास हवी. त्याला खर्च नाहीं. एक वही पुरे. तींत तारीख, वेळ आणि जागा लिहावी. काय दिसलें तें लिहावें. वेगळें जें दिसलें त्याच्याबरोबर नेहमीसारखें किती दिसलें, तेंहि लिहावें. ‘असें कां झालें असावें’ यासाठीं वहींत निराळें पान ठेवावें, म्हणजे पाहिलेलें आणि तर्क केलेलें यांची सरमिसळ होणार नाहीं. जिवाला इजा करूं नये, पकडलेलें जेथल्या तेथें सोडावें आणि घरीं येतांच हात साबणानें धुवावे.

पुढच्या पावसाळ्यांत एखादें मूल ओल्या हातांनीं दारांत येऊन ‘आज एक विचित्र बेडूक पाहिला’ असें सांगूं लागलें, तर त्याला चिखलाबद्दल रागें भरण्यापूर्वीं घरच्यांनीं एवढेंच विचारावें: ‘किती पाहिलेस, आणि त्यांत विचित्र किती?’ या एका प्रश्नानें त्याच्या कुतूहलाला शास्त्राची वाट दिसेल.